आधी निर्णय, मग तारा: चावा सुधारण्यासाठी जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार कसा करावा

चावा नीट बसत नाही, म्हणून आधी ब्रेसेस लावून बघू, दोन वर्षांत नाहीच जमले तर शस्त्रक्रियेचे बघू. बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि घोळ इथेच होतो. शस्त्रक्रिया टाळून चावा जुळवायचा असेल तर तारा दातांना एका दिशेने ढकलतात. शस्त्रक्रिया करायची असेल तर त्याच दातांना नेमके उलट दिशेने न्यावे लागते. मध्येच मत बदलले की वर्षभराचे काम उलटे फिरवावे लागते, आणि तोवर उपटलेल्या उपदाढा (सुळ्यांमागचे, दाढांच्या अलीकडचे दात) परत बसत नाहीत. म्हणून पहिली तार बसण्याआधीच शस्त्रक्रियेबद्दल हो किंवा नाही ठरलेले हवे. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

१. दोष दातांचा आहे की जबड्याचा?

दात वाकडे असणे वेगळे आणि ज्या हाडात ते रोवलेले आहेत तेच पुढे-मागे, वर-खाली किंवा तिरके असणे वेगळे. दातांचा दोष तारांनी सुटतो. वाढ संपल्यावर हाडाचा दोष तारांनी फार तर झाकता येतो.

आरशासमोर ताठ बसा. जिभेचे टोक टाळूवर जमेल तितके मागे लावा आणि ते तिथेच ठेवून हळूहळू तोंड मिटा. दात पहिल्यांदा जिथे टेकतील तिथे थांबा आणि बोटाने ओठ बाजूला करून बघा. जीभ मागे ठेवायचे कारण असे की खालचा जबडा मागे असलेले बरेच जण नकळत तो पुढे सरकवून चावतात. फोटोतही तसेच बसतात, डॉक्टरांच्या खुर्चीतही. मग मोजमाप प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. याच्या उलटही घडते. पुढचे दात एकमेकांवर अडतात आणि दाढा टेकवण्यासाठी जबडा पुढे घसरतो. अशा वेळी खालचा जबडा असतो त्यापेक्षा मोठा वाटतो.

आता हे बघा:

- वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत? २ ते ३ मिमी म्हणजे ठीक. ९ मिमीच्या वर असेल तर दोष बहुधा हाडात आहे.
- खालचे दातच वरच्यांच्या पुढे आहेत का? ३ मिमी किंवा जास्त असेल आणि खाताना अडचण येत असेल तर सर्जनला दाखवायला हवे.
- दाढा टेकल्यावर पुढे फट राहते का? ४ मिमी किंवा त्याहून मोठी फट ही नुसती दातांची गोष्ट क्वचितच असते.
- खालचे दात वरच्या टाळूला टोचतात का?
- हनुवटीचा मध्य नाकाच्या सरळ रेषेत आहे का?
- ओठ सैल सोडल्यावर मिटतात, की मिटण्यासाठी हनुवटी आवळावी लागते?

हे आकडे म्हणजे निकाल नव्हे. यावरून एवढेच ठरते की नुसत्या तारांच्या सल्ल्यावर थांबायचे की सर्जनचेही मत घ्यायचे.

२. वाढ थांबली आहे का?

मुलींमध्ये जबड्याची वाढ साधारण १५-१६ पर्यंत आणि मुलांमध्ये १८-२० पर्यंत ओसरते. खालचा जबडा पुढे असलेल्यांमध्ये ती आणखी लांबू शकते, म्हणून नुसत्या वयावर जाऊ नये. ६ ते १२ महिन्यांच्या अंतराने बाजूने काढलेले डोक्याचे दोन एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, एकमेकांवर ठेवून बघतात. रेषा जुळल्या तर वाढ थांबली. चेहरा एका बाजूला सरकत चालला असेल तर सांध्याजवळचे हाड अजून वाढते आहे का, हे हाडांच्या स्कॅनमध्ये तपासतात.

घाई करून १६ व्या वर्षी मागे नेलेला खालचा जबडा १९ व्या वर्षी पुन्हा पुढे आलेला दिसू शकतो. टाळूची जन्मजात फट किंवा श्वासाचा गंभीर अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लवकर शस्त्रक्रिया करण्याला कारण असते.

सावधान: तिशी-चाळिशीत चावा *नव्याने* बदलू लागला असेल तर आधी कारण शोधा. पुढे फट पडत चालली असेल तर जबड्याच्या सांध्याचे हाड झिजत असू शकते. खालचा जबडा वाढतो आहे आणि अंगठी, चप्पलही घट्ट होऊ लागली आहे, असे असेल तर वाढीच्या हार्मोनची तपासणी हवी. कारण चालू असताना केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही.

३. दोन डॉक्टर, एकच आराखडा

ऑर्थोडॉन्टिस्ट दात हलवतो आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन हाड. दोघांनी एकच कागद समोर ठेवून बोललेले असले पाहिजे. एकाने दुसऱ्याला चिठ्ठी दिली म्हणजे झाले, असे नाही. वेगवेगळ्या वेळी भेटलात तरी लेखी आराखडा एकच मागा.

भेटीआधी ही कामे उरकून घ्या: किडलेले दात भरणे, हिरड्यांचे उपचार, दातांची सफाई. हिरड्यांतून रक्त येत असताना तारा लावल्या तर हाड झिजते. झोपेत घोरणे, मध्येच श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे यांपैकी काही असेल तर झोपेची चाचणी करून घ्या. तिचा निकाल शस्त्रक्रियेची दिशाच बदलू शकतो. खालचा जबडा मागे नेला की जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून अशा रुग्णात खालचा मागे नेण्याऐवजी वरचा पुढे आणण्याकडे किंवा दोन्ही पुढे आणण्याकडे कल असतो.

नोंदींमध्ये एवढे हवेच: ओपीजी (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे), सेफॅलोग्राम, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, दातांचे साचे किंवा डिजिटल स्कॅन, जबड्याच्या सांध्याची तपासणी. चेहरा तिरका असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. सगळ्याच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. उपचार दोन-तीन वर्षे चालतात, तेवढ्यात गावही बदलते आणि डॉक्टरही.

सांधा दुखतो म्हणून शस्त्रक्रिया करायची असे कोणी म्हणाले तर थांबा. चावा सुधारल्यावर काहींचे दुखणे कमी होते, काहींचे तसेच राहते, काहींचे वाढते. केवळ दुखण्यासाठी हाड कापणे योग्य नाही.

४. तीन वाटा, आणि उपदाढांचा तिढा

पहिली वाट म्हणजे काहीच न करणे. चावता येते, दात झिजत नाहीत, चेहऱ्याबद्दल तक्रार नाही, तर ही वाट अगदी रास्त आहे. ती मोजून बघितल्याशिवाय पुढच्या दोन वाटांची तुलना पुरी होत नाही.

दुसरी वाट, तारांनी दोष झाकणे. समजा खालचा जबडा मागे आहे. वरच्या दोन उपदाढा काढायच्या आणि वरचे पुढचे दात मागे ओढायचे. चावा जुळतो, हनुवटी मात्र आहे तिथेच राहते आणि वरचा ओठ थोडा आत जाऊ शकतो. दोष मध्यम असेल तर हे चालते. प्रमाणाबाहेर ओढले तर दात कलतात, मुळे आखूड होतात, हिरडी दातावरून मागे सरकते.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. त्याच रुग्णात आता वरच्या नव्हे तर खालच्या उपदाढा काढाव्या लागू शकतात. कारण जबडा मागे असला की खालचे दात आपोआप पुढे कललेले असतात. त्यांना आधी सरळ करावे लागते, म्हणजे जबडा पुढे आणायला जागा मिळते. खालचा जबडा पुढे असलेल्यांत हेच उलटे: झाकायचे तर खालच्या काढतात, शस्त्रक्रिया करायची तर बहुधा वरच्या. तुमची वाट कोणती हे दात उपटण्याच्या दिवसाआधी कागदावर आलेले नसेल तर तो दिवस पुढे ढकला.

तपासा: “माझ्या दोषात झाकण्याची मर्यादा किती मिमी, आणि मी तिच्या अलीकडे आहे की पलीकडे?” हा प्रश्न दोघांनाही विचारा. उत्तर आकड्यात आले पाहिजे.

५. शस्त्रक्रियेआधीच्या तारा

साधारण १२ ते १८ महिने लागतात. या काळात चावा *बिघडतो*, आणि तसेच अपेक्षित असते. कललेले दात सरळ झाले की हाडाचा खरा दोष उघडा पडतो. पुढे आलेला जबडा आणखी पुढे दिसतो, फट वाढते, खाणे अवघड होते. नातेवाईक विचारू लागतात. इथे घाबरून “चावा मिटवून द्या” म्हणणे, किंवा त्यासाठी नवख्या दवाखान्यात जाऊन रबर लावून घेणे, ही दुसरी मोठी चूक. त्या रबरांनी दात पुन्हा मूळच्या कलात जातात.

खालच्या अक्कलदाढांचा विषय याच टप्प्यात काढा. खालचा जबडा जिथे उभा चिरतात, तिथेच या दाढा असतात. अनेक सर्जन त्या किमान ६ महिने आधी काढून घेतात, म्हणजे हाड भरून येते. काही जण शस्त्रक्रियेतच काढतात. दोन्ही पद्धती चालतात, पण तुमच्या सर्जनची कोणती, हे वेळेत कळले पाहिजे. शस्त्रक्रियेला दोन महिने उरले असताना अक्कलदाढ आठवली तर तारीख तरी पुढे जाते किंवा हाड नको तिथे फुटण्याचा धोका तरी वाढतो.

शेवटच्या साच्यांआधी ४ ते ६ आठवडे जाड तार न बदलता ठेवतात, म्हणजे दात हलायचे थांबतात. तारेवर छोटे हुक बसवले जातात. यानंतर ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) सुटला तर लगेच कळवा. एक दात अर्धा मिमी सरकला तरी स्प्लिंट, म्हणजे शस्त्रक्रियेत जबडा नेमक्या जागी बसवण्यासाठी दातांमध्ये ठेवायची पट्टी, बसत नाही.

काही ठिकाणी आधी शस्त्रक्रिया आणि नंतर तारा, असा उलटा क्रमही असतो. एकूण वेळ वाचतो, पण दातांची गर्दी कमी असेल आणि शस्त्रक्रियेनंतर निदान काही दाढा पक्क्या टेकणार असतील तेव्हाच तो साधतो.

६. काय कापणार, किती सरकवणार

वरचा जबडा नाकाच्या तळाच्या पातळीवर आडवा कापून पुढे, वर किंवा तिरका बसवतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंना मागच्या दाढांच्या पलीकडे उभा चिरून, दोन फळ्या एकमेकींवर सरकवाव्यात तसा पुढे-मागे नेतात. हनुवटीचे हाड वेगळे सरकवता येते. चिरा तोंडाच्या आतून असतात. स्क्रू बसवण्यासाठी कधीकधी गालावर काही मिमीचा छेद लागतो. टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू बहुधा कायम आतच राहतात.

सगळ्या हालचाली सारख्या टिकत नाहीत. वरचा जबडा वर नेणे, खालचा पुढे आणणे बऱ्यापैकी टिकाऊ असते. वरचा जबडा रुंद करणे सर्वात कमी टिकते. मोठ्या माणसात तो बराच अरुंद असेल तर आधी वेगळी शस्त्रक्रिया करून रुंदावतात.

संगणकावर दाखवलेला नंतरचा चेहरा हा अंदाज असतो. हाडाचे माप बरेचसे तंतोतंत येते, ओठ-नाकाचे नाही. वरचा जबडा पुढे किंवा वर गेला की नाकपुड्या रुंद होऊ शकतात. त्यासाठी आतून टाका घेतात का, हे विचारा.

तपासा: कागदावर हे लिहिलेले हवे: कोणते हाड, कोणत्या दिशेने, किती मिमी, हनुवटी धरून की सोडून. खर्चाच्या अंदाजात तारा, स्प्लिंट, प्लेट, भूल, खोली आणि नंतरच्या तारा हे सगळे आहे का, तेही बघा. विमा असेल तर मंजुरी लेखी आणि आधी घ्या. अर्जात चावण्याची, श्वासाची अडचण मोजमापांसह मांडलेली असावी. “सौंदर्यासाठी” असा शेरा पडला की दावा अडकतो.

७. सही करण्याआधी

खालचा ओठ आणि हनुवटी शस्त्रक्रियेनंतर बधिर असणे हे जवळजवळ ठरलेलेच. तिथली नस चिरलेल्या हाडातूनच जाते. संवेदना आठवड्यांत, महिन्यांत, कधी वर्षभराने परत येते. काही जणांत थोडा बधिरपणा किंवा मुंग्या कायम राहतात. चाळिशीनंतर आणि हनुवटीही सरकवली तर हा धोका वाढतो. ओठ हलणे मात्र सहसा थांबत नाही, कारण ती नस वेगळी.

बाकीचे धोके: जास्त रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाड नको तिथे फुटणे, प्लेट काढावी लागणे, एखादा दात निर्जीव होणे, जबडा काही अंशी मूळ जागी परतणे. आणि सांध्याचे हाड झिजणे, ज्याचा धोका मागे असलेला, आखूड जबडा आणि पुढे फट असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये जास्त दिसतो.

“ओठाचा एक कोपरा आयुष्यभर बधिर राहिला तरी मला हे हवे आहे का?” याचे उत्तर नाही असेल तर दुसरी वाट पुन्हा बघा.

८. आधीचे सहा आठवडे

धूम्रपान आणि तंबाखू किमान ४ आठवडे आधी बंद, हाड जुळेपर्यंत बंदच. रक्त पातळ करणारी औषधे, हार्मोनच्या गोळ्या, मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, वनस्पतींची पूरके, सगळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला द्या. मनाने काहीही थांबवू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवायला वेळ याच आठवड्यांत मिळतो.

घरी आणून ठेवा: ५०-६० मिलीच्या दोन सिरिंज आणि टोकाला बसणारी ४-५ सेंमी मऊ नळी, मिक्सर, बारीक गाळणी, लहान मुलांचा मऊ ब्रश, ब्रेसेसचे मेण, छोटा आरसा, लिहायची वही, ओठांना लावायची व्हॅसलीन, दोन जास्तीच्या उशा. औषधे पातळ स्वरूपात मिळतात का, ते आधीच विचारा. तोंड उघडत नसताना मोठी गोळी हातात घेऊन बसण्यात अर्थ नाही.

९. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

एक जबडा असेल तर साधारण दोनेक तास, दोन्ही असतील तर ३ ते ५. दवाखान्यात १ ते ३ दिवस. हल्ली दात तारेने पक्के बांधून ठेवणे कमी झाले आहे, रबर लावतात. तरीही पक्के बांधले असतील तर तार कापायची पक्कड, रबर असतील तर छोटी कात्री कायम हाताशी हवी, आणि कोणती तार कापायची ते घरी जाण्याआधी सोबतच्या माणसाने बघून घ्यावे. उलटी आली तर पुढे वाका. पोटात पातळच असल्यामुळे ते दातांच्या फटींतून बाहेर येते.

*पहिले तीन दिवस.* सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते. शस्त्रक्रिया बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. डोके ३० ते ४५ अंश वर ठेवून झोपा. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर नाकातून काळपट रक्त थोडे थोडे येते आणि नाक चोंदते. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्या.

*पिण्याची पद्धत.* ताठ बसा. नळी दातांच्या मधून घुसवू नका. ती गालाच्या आतून मागे, शेवटच्या दाढेच्या पलीकडच्या फटीपर्यंत न्या. सिरिंजने ५ मिली ढकला, थांबा, गिळा. पहिल्या पेल्याला अर्धा तास लागेल आणि निम्मे हनुवटीवरून ओघळेल. ओठ बधिर असल्याने ते कळणारही नाही, म्हणून आरसा समोर हवा. तापमान मनगटावर थेंब टाकून बघा, बधिर ओठ भाजल्याचे सांगत नाही.

दिवसाला २ लिटरच्या आसपास द्रव आणि वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने धरा. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. फळांचा रस आणि पातळ सूप यांवर हे भरत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात चक्कर येऊ लागते. दूध, दही, प्रथिनांची पावडर, गाळलेले घट्ट सूप दर दोन तासांनी थोडे थोडे घ्या.

*रबर.* घरी जाण्याआधी आरशात स्वतः काढून-लावून दाखवा आणि योग्य जागी लावलेल्याचा फोटो काढून ठेवा. वरचा कोणता हुक, खालचा कोणता, हे सूज उतरल्यावर आठवत नाही. एक हुक चुकला तर दातांचा मध्य एका बाजूला ओढला जातो.

*चावणे.* सर्जनने सांगेपर्यंत पातळच. पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत जिभेने टाळूवर दाबून चुरडेल तेवढेच मऊ. दुखत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात चावायला सुरुवात करणे ही नेहमीची चूक. तोवर सगळा भार प्लेटवर असतो, हाड जुळलेले नसते. नेहमीचे खाणे ८ ते १२ आठवड्यांनी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन खचते. चेहरा अनोळखी, झोप नाही, भूक भागत नाही. बहुतेकांचे हे सूज आणि खाणे सुधारले की सावरते. या दिवसांत चेहऱ्याबद्दल कोणतेही मत बनवू नका. शेवटची सूज जायला ६ ते १२ महिने लागतात.

ताबडतोब दवाखान्यात जा: नाकातून लाल रक्त १०-१५ मिनिटे दाबूनही थांबत नाही (वरच्या जबड्यानंतर हे एक-दोन आठवड्यांनीही होऊ शकते), श्वास लागतो, नजर बदलते, पोटरी दुखून सुजते, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सूज उलट वाढते आणि ताप येतो, किंवा चावा एका रात्रीत बदलतो. शेवटचे लक्षण लोक “रबर ढिले झाले असेल” म्हणून सोडून देतात. प्लेट सरकलेली असू शकते.

१०. तोंड उघडणे, नंतरच्या तारा, रिटेनर

सर्जनने परवानगी दिली की तोंड उघडण्याचा व्यायाम. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये किती मावतात ते मोजा आणि दर एक-दोन दिवसांनी एक वाढवा. लक्ष्य ३५ ते ४० मिमी, म्हणजे तीन बोटे उभी मावतील इतके. ताण जाणवला तर चालेल, कळ आली तर थांबा. धक्क्याचे खेळ ३ महिन्यांनंतरच, तेही विचारून.

नंतरच्या तारा बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतात आणि ६ ते १२ महिने चालतात. चेहरा बदलला, काम झाले असे वाटून भेटी चुकवण्याचा मोह याच वेळी होतो. दाढा अजून एकमेकींत पक्क्या बसलेल्या नसतात.

तारा निघाल्या त्याच दिवशी रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) हातात हवा, आठवड्याने नव्हे. सुरुवातीला पूर्णवेळ, नंतर रात्री. ६ महिने, १ वर्ष आणि २ वर्षांनी चाव्याचा फोटो त्याच कोनातून काढा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवा. पुढे पुन्हा फट दिसू लागली, सोबत कानापुढे करकर किंवा दुखणे असेल, तर ती फट रबराने ओढून मिटवू देण्याआधी सांध्याचा स्कॅन करायला सांगा.